आयरा हेजचे उरलेले तास

सोमवार, २४ जानेवारी १९५५. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, हीला नदीकाठच्या पिमा लोकांच्या राखीव प्रदेशात, बापचूल वस्तीजवळच्या एका ओसाड मातीच्या घरापाशी सकाळी एक माणूस मरून पडलेला सापडला. वय ३२. तपासणी अधिकाऱ्याने कारण नोंदवले : थंडीत उघड्यावर पडणे आणि दारूची विषबाधा. नाव आयरा हॅमिल्टन हेज. दहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या महायुद्धात, जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकेचा झेंडा उभारणाऱ्या सहा सैनिकांपैकी तो एक होता. त्या क्षणाचे छायाचित्र देशभरातल्या वर्तमानपत्रांत आले, टपालाच्या तिकिटावर आले, शेवटी ब्राँझमध्ये ओतले गेले.

त्याच्याविषयी बोलणारे बहुतेक जण शेवटच्या रात्रीपाशी थांबतात. दारू प्यायला, थंडीत पडला, गेला. मला हा हिशेब मान्य नाही. त्या सकाळपासून तास मागे मोजत गेले, की जवळपास प्रत्येक टप्प्यावर त्याचे ऐकू शकला असता असा कोणीतरी उभा दिसतो. म्हणून हे मोजणे.

उरलेले तास : सुमारे १,०८,८००

२६ ऑगस्ट १९४२. एकोणीस वर्षांचा आयरा मरीन दलात भरती झाला.

तो जिथून आला ती जागा आधी समजून घेतली पाहिजे. पिमा हे पिढ्यान्‌पिढ्या कालव्यांवर शेती करणारे लोक. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या गव्हावर वाटसरू आणि लष्करी तुकड्या पोसल्या गेल्या. मग नदीच्या वरच्या अंगाला गोऱ्या वसाहतवाल्यांनी पाणी वळवले. हीला नदी कोरडी पडली, शेते करपली, आणि धान्य विकणाऱ्या जमातीवर सरकारी शिध्याची पाळी आली. आयराचा जन्म १२ जानेवारी १९२३ चा, म्हणजे ही पडझड होऊन गेल्यानंतरचा. १९३० मध्ये पिमांना पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या कूलिज धरणाचे लोकार्पण झाले, पण जुने वैभव परतले नाही. आणखी एक गोष्ट. अ‍ॅरिझोनातल्या मूळ रहिवाशांना मतदानाचा हक्क न्यायालयाने दिला तो १९४८ साली. म्हणजे आयरा लढायला गेला तेव्हा त्याला देशासाठी मरता येत होते, मत देता येत नव्हते.

तो भरती झाला त्याच उन्हाळ्यात सरकारने पिमांच्या विरोधाला न जुमानता त्यांच्या जमिनीवर जपानी वंशाच्या अमेरिकी कुटुंबांसाठी नजरकैदेच्या छावण्या उभ्या केल्या. तिथे तेरा हजारांवर माणसे राहिली. मुलगा जपानशी लढायला प्रशांत महासागरात, आणि त्याच्या गावच्या रानात नजरकैदेत जपानी आडनावांची मुले.

आयरा अबोल होता. छत्रीधारी सैनिकाचे प्रशिक्षण त्याने पुरे केले. सोबत्यांनी त्याला ‘चीफ फॉलिंग क्लाउड’ असे टोपणनाव दिले. १९४३ च्या अखेरीस तो बूगनव्हिल बेटावर लढला. माणूस मरताना त्याने तिथेच पाहिला.

उरलेले तास : सुमारे ८७,०००

१९ फेब्रुवारी १९४५. इवो जिमा. काळी ज्वालामुखी राख, पाय घोट्यापर्यंत रुतणारी. जमिनीखालच्या भुयारांत सुमारे एकवीस हजार जपानी सैनिक. पाचव्या मरीन डिव्हिजनच्या अठ्ठाविसाव्या रेजिमेंटमधली ईझी कंपनी किनाऱ्याला लागली. आयरा तिच्यात होता, सार्जंट मायकेल स्ट्रँकच्या सेक्शनमध्ये.

उरलेले तास : सुमारे ८६,९००

२३ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास सुरिबाची डोंगराच्या माथ्यावर पहिला झेंडा लागला. तो लहान होता. बेटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत दिसावा म्हणून मोठा झेंडा पाठवायचे ठरले. स्ट्रँक, हेज, हार्लन ब्लॉक आणि फ्रँकलिन सूझली टेलिफोनची तार टाकत वर निघाले. झेंडा घेऊन रेने गॅनियन आला. माथ्यावर जपान्यांचा एक लोखंडी पाण्याचा पाइप पडलेला होता, तीच काठी झाली. पाण्यावाचून उजाड झालेल्या गावातल्या मुलाने तो पाइप हातात घेतला, हा तपशील माझ्या मनातून जात नाही.

दुपारी एकच्या सुमारास असोसिएटेड प्रेसच्या जो रोझेंथलने कॅमेऱ्याचे बटण दाबले. सेकंदाचा चारशेवा भाग. छायाचित्रात अगदी डावीकडे, सगळ्यांच्या मागे उभा असलेला तो आयरा. हात वर ताणलेले, काठी त्याच्या बोटांतून सुटून पुढे गेलेली. चेहरा दिसत नाही. कोणाचाच नीट दिसत नाही. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

त्या वेळी वर असलेल्यांना यात विशेष काही वाटले नव्हते. दुसरा झेंडा लावला, खाली उतरले, पुन्हा लढाईला लागले.

उरलेले तास : सुमारे ८६,८००

१ मार्च. स्ट्रँक मेला. त्याच्या जागी ब्लॉकने सेक्शनची सूत्रे घेतली. काही तासांत तोही मेला. २१ मार्चला सूझली गेला. स्ट्रँक हा आयराचा नायक, सूझली जिवाभावाचा सोबती. २६ मार्चला आयराने बेट सोडले, तेव्हा अमेरिकेचे सुमारे ६,८०० सैनिक तिथे मेलेले होते. आयरा पुढे हिशेब सांगायचा तो फक्त एकच : पलटणीतल्या ४५ पैकी पाच जण वाचले, कंपनीतल्या अडीचशेपैकी केवळ २७ जण मरणातून वा जखमेतून सुटले. मग मी कसला वीर, हा त्याचा प्रश्न होता. तो प्रश्न त्याने दहा वर्षे जाहीरपणे विचारला. लोकांना तो विनय वाटला. अंगावर साधी जखमही नसलेला माणूस आपण का उरलो म्हणून विचारत होता.

उरलेले तास : सुमारे ८५,६००

या टप्प्यावर मला थांबावेसे वाटते, कारण माझ्या मते खरी दुर्घटना इथे घडली.

छायाचित्र देशाला इतके भावले, की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यातल्या जिवंत सैनिकांना परत बोलावले. युद्धासाठी कर्जरोखे विकायचे होते, त्यासाठी हे चेहरे हवे होते. आयराने गॅनियनला बजावले होते, माझे नाव सांगू नकोस. गॅनियनने वचन पाळायचा प्रयत्न केला. वरिष्ठांनी हुकूम मोडल्याची भीती घातली, तेव्हा त्याला सहावे नाव सांगावे लागले. १९ एप्रिल १९४५ ला आयरा वॉशिंग्टनला पोचला.

तिथे त्याने छायाचित्र नीट पाहिले. काठीच्या बुंध्याशी वाकलेला जो सैनिक होता, त्याला मरीन दलाने हँक हॅन्सन हा दुसरा सैनिक ठरवले होते. आयरा म्हणाला, हा हॅन्सन नाही, हा हार्लन ब्लॉक आहे. दोघेही तोवर मेले होते. प्रसिद्धी अधिकाऱ्याने उत्तर दिले, की नावे जाहीर झाली आहेत, आता बदलायची नाहीत, तू गप्प राहा.

विचार करा. ज्याच्याबरोबर डोंगर चढला, जो आठवडाभरात मेला, त्याचे नाव गाळायचा हुकूम आयराला मिळाला. दुसऱ्या दिवशी, २० एप्रिलला, तो व्हाइट हाउसमध्ये नवे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यासमोर उभा होता. युद्धाचा आघात काय असतो याच्या व्याख्या नंतर बऱ्याच झाल्या. पण मेलेल्या सोबत्याविषयी खोटे सांभाळायला लागणे, तेही हजारोंच्या टाळ्यांत, याने मनाचे काय होते ते कळायला व्याख्या लागत नाही.

उरलेले तास : सुमारे ८४,८००

मे १९४५. शहरामागून शहर. मिरवणुका, बँड, स्टेडियममध्ये उभारलेला खोटा डोंगर, त्यावर पुन्हा झेंडा लावायचा. छायाचित्रातले हयात मानले गेलेले तिघे : आयरा, गॅनियन आणि नौदलाचा वैद्यकीय साहाय्यक जॉन ब्रॅडली. या सातव्या कर्जरोखे मोहिमेचे लक्ष्य १४ अब्ज डॉलर होते, जमा झाले २६ अब्जांच्या वर.

प्रत्येक गावात मेजवानी आणि प्रत्येक मेजवानीत कोणीतरी पेला पुढे करणारा. मूळ रहिवाशांना दारू विकणे संघराज्याच्या कायद्याने १९५३ पर्यंत गुन्हा होता. पण झेंडेवाल्या वीराला पाजण्यात प्रत्येकाला मान वाटत होता. ज्याला साध्या दुकानात बाटली मिळाली नसती, त्याला व्यासपीठामागे हव्या तितक्या मिळाल्या. तो कार्यक्रमांत झिंगलेला दिसू लागला. मेच्या अखेरीस वरिष्ठांनी त्याला दौऱ्यातून काढून हवाईला कंपनीत परत पाठवले.

वरवर ही शिक्षा होती. मला वाटते, त्या वर्षात त्याच्या भल्याचे झाले ते एवढेच. सोबत्यांत गेल्यावर त्याला वीर म्हणणारे कोणी नव्हते. १ डिसेंबर १९४५ ला तो कॉर्पोरल म्हणून सन्मानाने मुक्त झाला आणि घरी आला.

उरलेले तास : सुमारे ७६,०००

मे १९४६. घरी शांतता नव्हती. पत्रांचे ढीग येत. मोटारीतून पाहुणे येत, वस्तीत शिरून विचारत, तूच का तो झेंडा लावणारा इंडियन? तो शेतांवर मजुरी करत होता, कापूस वेचत होता.

एके दिवशी तो चालू लागला. अ‍ॅरिझोनापासून टेक्सासच्या दक्षिण टोकावरच्या वेस्लाको गावापर्यंत, सुमारे २,१०० किलोमीटर. काही पायी, काही रस्त्यावरच्या वाहनांना हात करून. तिथे हार्लन ब्लॉकचे वडील त्यांच्या शेतात भेटले. आयराने त्यांना सांगितले, की छायाचित्रात बुंध्याशी वाकलेला तो तुमचा मुलगा आहे. हे सांगितले आणि तो परत फिरला.

ब्लॉकच्या आईने वर्तमानपत्रातले चित्र पाहताक्षणी पाठमोऱ्या आकृतीवरून मुलगा ओळखला होता, तेव्हा तिचे कोणी मनावर घेतले नव्हते. आता प्रकरण पुन्हा उघडले, आयराने जबाब दिला, आणि जानेवारी १९४७ मध्ये मरीन दलाने अधिकृतपणे चूक सुधारली.

आयरा हेजला समजून घ्यायचे तर मी डोंगरावरच्या क्षणाऐवजी हा रस्ता समोर ठेवीन. हुकूम होता गप्प बसण्याचा. लष्कर सुटल्यावर सहा महिन्यांत त्याने तो मोडला, खिशात पैसे नसताना. दारूने तोवर त्याला धरले होते, तरी इतके अंतर जाऊन एका बापाला त्याचा मुलगा परत देण्याएवढा तो शाबूत होता. या माणसाला वाचवता आले असते, असे मी या आधारावर म्हणतो.

उरलेले तास : सुमारे ४५,०००

१९४९. ‘सँड्स ऑफ इवो जिमा’ हा चित्रपट. नायक जॉन वेन. आयरा, गॅनियन आणि ब्रॅडली यांना स्वतःच्याच भूमिकेत क्षणभर उभे करण्यात आले. पुन्हा झेंडा. खरा, तोच, मरीन दलाने दिलेला. जे विसरायचे होते ते कॅमेऱ्यापुढे पुन्हा करून दाखवायचे.

या वर्षांत अटका वाढत गेल्या. सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत सापडल्याबद्दल त्याला आयुष्यात पन्नासहून अधिक वेळा कोठडीत टाकले गेले. त्या काळी व्यसनाला उत्तर म्हणजे कोठडी. सकाळी सोडायचे, पुन्हा धरायचे.

उरलेले तास : सुमारे ११,०००

१९५३, शिकागो. राखीव प्रदेशातल्या तरुणांना शहरांत हलवण्याची सरकारी योजना होती, तिच्यातून तो इथे आला. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीत काम मिळाले. चारदोन महिन्यांत तो झोपडवस्तीच्या रस्त्यावर अनवाणी, नशेत सापडला. एका वर्तमानपत्राने त्याच्यासाठी निधी उभारला, त्याला उपचारगृहात ठेवले. तिथून लॉस एंजलिसला, एका बड्या घरी मोटारचालकाची नोकरी. बातम्या छापून आल्या, वीर सावरला म्हणून. थोड्याच दिवसांत पुन्हा अटक झाली आणि तीही बातमी छापून आली.

निधी देणाऱ्यांचा हेतू मी वाईट मानत नाही. पण त्याला सावरायचे होते ते चव्हाट्यावर. बरे होणेही छायाचित्रासारखे, सगळ्यांनी पाहायचे. पडला तर सगळ्यांदेखत पडायचा. ज्याला मुळात लोकांच्या नजरेचाच जाच होता, त्याच्यासाठी याहून वाईट दवाखाना कोणता असेल?

तो घरी परतला.

उरलेले तास : १,८००

१० नोव्हेंबर १९५४. बरोबर पंचाहत्तर दिवस उरले होते. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला मरीन दलाच्या स्मारकाचे लोकार्पण. शिल्पकार फेलिक्स डी वेल्डन. बत्तीस फूट उंचीचे ब्राँझचे सहा सैनिक. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित. गॅनियन, ब्रॅडली आणि हेज तिघेही पाहुण्यांत. मेलेल्यांच्या घरचेही आले होते.

एका पत्रकाराने आयराला विचारले, हा सगळा थाटमाट कसा वाटतो? आवडत नाही, एवढेच तो म्हणाला. कोणीही पुढचा प्रश्न विचारला नाही. का आवडत नाही, हा.

उरलेले तास : सुमारे २८८

१२ जानेवारी १९५५. आयरा बत्तीस वर्षांचा झाला.

उरलेले तास : बारा, आणि त्याहून कमी

रविवार, २३ जानेवारी. संध्याकाळनंतर त्या ओसाड घरापाशी पत्त्यांचा डाव बसला. आयरा, त्याचे भाऊ, आणखी काही ओळखीचे. दारू होती. एका भावाने पुढे सांगितले, की डावात आयराची एकाशी झटापट झाली आणि मरणाचे कारण तेच. त्या माणसाने हे नाकारले. राखीव प्रदेशाच्या पोलिसांनी चौकशीच केली नाही. ब्राँझमध्ये ज्याची मूर्ती होती, त्याच्या मृत्यूला एक साधी चौकशीही मिळाली नाही.

डाव उठला. बाकीचे पांगले, आयरा मागे राहिला.

वाळवंटातल्या जानेवारीची रात्र दिवसाच्या उन्हावरून कळत नाही. सूर्य बुडाला की जमीन भराभर निवते आणि पहाटेकडे पारा शून्याच्या आसपास येतो. दारू प्यायलेल्या माणसाला थंडी वाजत नाही, हे खरे संकट. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येते, अंगाला ऊब वाटते आणि त्याच वाटेने शरीरातली उष्णता बाहेर जात राहते. कुडकुडणे ही शरीराची शेकोटी, तीही मंदावते. मग गुंगी येते. माणूस उठायचे म्हणत नाही, कारण त्याला उठायची गरज वाटत नाही. नाडी सावकाश होते, श्वास उथळ होतो. घर जवळ असले तरी उपयोग नसतो.

सोमवारी सकाळी तो सापडला.

त्यानंतर

तो जिवंत असताना कोठडीखेरीज जागा न देणाऱ्या राज्याने त्याचे पार्थिव फीनिक्सच्या विधानभवनात दर्शनाला ठेवले. रांगा लागल्या. २ फेब्रुवारी १९५५ ला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्याला पुरले, त्या स्मारकापासून फार दूर नाही. १९६१ मध्ये त्याच्यावर चित्रपट आला, भूमिका टोनी कर्टिस या गोऱ्या नटाने केली.

तो गेल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूचे व्यसन हा आजार असल्याचे मान्य केले. युद्धातून परतलेल्याच्या मनावरच्या आघाताला मानसोपचाराच्या अधिकृत सूचीत स्वतःचे नाव मिळाले १९८० साली. पिमांच्या पाण्याच्या हक्काचा मोठा निवाडा अमेरिकेच्या संसदेने २००४ मध्ये कायदा करून केला. प्रत्येक गोष्ट झाली. आयराला उशीर झाला होता.

छायाचित्राचा घोळही संपला नव्हता. अभ्यासकांनी जुन्या चित्रफिती आणि इतर छायाचित्रे ताडून पाहिली. २०१६ मध्ये मरीन दलाने मान्य केले, की त्या सहा जणांत ब्रॅडली नव्हता, हॅरल्ड शुल्त्झ होता. २०१९ मध्ये मान्य केले, की ज्याला गॅनियन समजले जात होते तो हॅरल्ड केलर होता. शुल्त्झ आणि केलर यांनी हे आयुष्यभर जाहीर केले नाही आणि ते निनावी मेले. १९४५ मध्ये देशभर मिरवलेल्या त्या तिघांपैकी छायाचित्रात खरोखर असलेला माणूस एकच निघाला, आयरा हेज. आणि आपले नाव सांगू नका, अशी विनवणी तिघांपैकी त्याने एकट्यानेच केली होती.